‘एव्हर-चेंजिंग’ हे विशेषण स्वतःला लावू नकोस

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, काम करणाऱ्या मुलाचा प्रश्न आलाय. त्याच्याच शब्दांत देते: ‘मॅडम, दुसऱ्या कंपनीत अर्ज करतोय. दोन वर्षांत मोल्डिंग, कोअर शॉप आणि क्वालिटी अशा तीन ठिकाणी काम केलंय, म्हणून अर्जात “आय ॲम ॲन एव्हर-चेंजिंग पर्सन” असं लिवलंय. मित्र म्हणतोय लई भारी वाटतंय. चालतंय का? आणि चेंजिंग, एव्हर-चेंजिंग, डायनॅमिक ह्यात नेमका फरक काय? डिक्शनरीत सगळ्यांना “बदलणारा” एवढंच दिलंय. मराठीत ह्याला शब्द कुठला?’

चालत नाही. मित्राला चहा पाज, पण त्याचं ऐकू नकोस.

हे वाक्य वाचणारा साहेब म्हणेल, या गड्याचा भरवसा नाही. तुला सांगायचं होतं की मी कुठल्याही कामात पटकन रुळतो. आपल्याकडं एखाद्याबद्दल ‘त्याचं काय, घटकेत एक नि घटकेत दुसरं’ म्हणतात ना, तेच तू स्वतःबद्दल लेखी दिलंयस, वर खाली सही करून.

ही चूक मीही केलीय, आणि माझी जास्त महाग पडली होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी भाषांतराची कामं नुकती घ्यायला लागले होते. एका कारखान्याचं माहितीपत्रक इंग्रजीत करायचं होतं. मालकांनी मराठीत लिहिलं होतं, ‘गुणवत्तेच्या कसोट्या आम्ही सतत बदलत असतो.’ त्यांच्या मनात होतं की दर वर्षी कसोटी आणखी कडक करतो. मी शब्दाला शब्द ठेवून मोकळी झाले: ‘अवर एव्हर-चेंजिंग क्वालिटी स्टँडर्ड्स’. गुळगुळीत कागदावर रंगीत छपाई झाली, पत्रक परदेशी गिऱ्हाइकाकडं गेलं आणि तिकडून एका ओळीचा फॅक्स आला. आम्हाला पाठवलेला माल यांपैकी कुठल्या कसोटीवर तपासलात? मालक मला एक अक्षर बोलले नाहीत. फॅक्सचा कागद तेवढा माझ्यापुढं सरकवला. ओतकामात पहिला नग आणि दहा हजारावा नग सारखा यावा म्हणून माणसं रात्रपाळ्या करतात, हे तुला मी काय सांगायचं! आणि मी छापून दिलं होतं की यांची कसोटीच रोज वेगळी असते.

तिथं ‘एव्हर-इम्प्रूव्हिंग’ किंवा सरळ ‘कंटिन्युअली इम्प्रूव्हिंग’ हवं होतं. एव्हर-चेंजिंग हा शब्द एवढंच सांगतो की बदल थांबत नाही. तो चांगल्याकडं चाललाय का वाईटाकडं, पुढं का मागं, याबद्दल तो गप्प असतो. तुझ्या अर्जातली गडबड तीच. तुला दिशा सांगायची होती आणि तू बिनदिशेचा शब्द उचललास.

आता शब्द उघडून बघू. घोळ ‘एव्हर’पासून सुरू होतो. शाळेत आपण ‘हॅव यू एव्हर सीन अ टायगर?’ म्हणजे ‘तू कधी वाघ पाहिलायस का?’ असं शिकतो. ‘नेव्हर’ म्हणजे कधीच नाही. त्यामुळं एव्हर म्हणजे ‘कधी’ हे डोक्यात घट्ट बसतं, आणि मग एव्हर-चेंजिंग म्हणजे ‘कधीतरी बदलणारा’ असं माझ्या वर्गात दर वर्षी कुणीतरी सांगतंच. अर्थ नेमका उलटा. एव्हरचा दुसरा जुना अर्थ आहे ‘सदा, सर्वकाळ’. आजच्या बोलण्यात तो सुटा फारसा ऐकू येत नाही, पण ठरावीक जागा त्यानं धरून ठेवल्यात. गोष्टीच्या शेवटी राजाराणी ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ नांदतात तो हाच एव्हर. ‘फॉर एव्हर’मधला हाच. आणि जोडविशेषणांत तर तो अजून जोमात आहे: एव्हरग्रीन, एव्हरलास्टिंग, एव्हर-प्रेझेंट, एव्हर-चेंजिंग.

मराठीत याची तंतोतंत जोडी तुला भूगोलाच्या पुस्तकात सापडेल. एव्हरग्रीन फॉरेस्टला आपण ‘सदाहरित वन’ म्हणतो. एव्हर म्हणजे सदा. अंगणातली सदाफुली आठव. एकदा ही जोडी लक्षात आली की ‘कधी’चं भूत उतरतं.

सदाहरितचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. दाजीपूरच्या रानात पावसाळ्याखेरीज कधीही गेलास तरी पायाखाली पाला असतोच. सदाहरित झाडाची पानं गळत नाहीत असं नाही. ती एकदम सगळी गळत नाहीत, म्हणून झाड उघडं पडत नाही. म्हणजे ‘सदा’ हा शब्द अख्ख्या झाडाबद्दल बोलतो, एकेका पानाबद्दल नाही. एव्हर-चेंजिंगचंही तसंच. ‘एव्हर-चेंजिंग क्राउड’ म्हटलं तर गर्दी कायम आहे, माणसं बदलतायत. महाद्वार रोडवर संध्याकाळी उभा राहा, दिसेल. काहीतरी एक टिकून असतं आणि त्याचं रूप पालटत राहतं, अशा ठिकाणी हा शब्द शोभतो. जे टिकतच नाही त्याला एव्हर-चेंजिंग म्हणत नाहीत.

याच एव्हरची एक चुलत भावकी आहे, तिच्यात गल्लत करू नकोस. एव्हर-ग्रोइंग, एव्हर-इन्क्रीझिंग, एव्हर-वाइडनिंग. इथं दुसऱ्या शब्दातच दिशा आहे: वाढणं, रुंदावणं. आणि एव्हरच्या पुढं तुलनेचा शब्द आला, जसं ‘एव्हर लार्जर’, तर अर्थ होतो ‘अधिकाधिक मोठं’. तिथं बहुतेक वेळा जोडरेघही नसते. हा छोटा शब्द किती ताकदीचा आहे बघ. १९५७ च्या रोमच्या कराराच्या प्रस्तावनेत ‘ॲन एव्हर क्लोजर युनियन’ असे शब्द आहेत, म्हणजे युरोपातल्या लोकांची अधिकाधिक घट्ट होत जाणारी एकजूट. नुसतं ‘क्लोजर’ असतं तर कुठंतरी थांबता आलं असतं. ‘एव्हर’मुळं थांबायची जागाच उरत नाही. ब्रिटनमध्ये हे शब्द इतके खुपले की फेब्रुवारी २०१६ मध्ये युरोपीय संघाशी झालेल्या समझोत्यात ते आपल्याला लागू नाहीत असं त्यांनी लिहून घेतलं. पुढं जूनच्या सार्वमतात बाहेरच पडायचं ठरलं आणि तो समझोता बासनात गेला, ते वेगळं. पण एवढ्याशा शब्दावरून देशांचे पंतप्रधान रात्र रात्र बसतात, तर आपण अर्ज लिहिताना पाच मिनिटं थांबायला हरकत नाही.

आता वापर. मी वर्गात कोल्हापुरातल्याच तीन गोष्टी घेते.

पहिला रंकाळा. सकाळी संध्यामठाच्या बाजूला पाणी राखाडी असतं, दुपारी डोळ्यांवर येतं, सूर्य शालिनी पॅलेसकडं कलला की तांबूस होतं, आणि ढग आले की पुन्हा सगळं शिसवी. कुठल्याही दोन संध्याकाळी सारख्या नाहीत. ‘द एव्हर-चेंजिंग कलर्स ऑफ रंकाळा’. हा वापर शंभर टक्के बरोबर, कारण बदलाला वेळापत्रक नाही, शेवट नाही, आणि तळं तिथंच आहे. भेळ खात अर्धा तास बसलास तरी वाक्य खरं ठरतं.

दुसरा अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या पायांपासून वर चढत जातात. नोव्हेंबरात एकदा, आणि जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला एकदा. सूर्याची मावळायची जागा रोज सरकते, म्हणून तर ही किरणं एरवी आत पोचत नाहीत. बदल रोजचा आहे, तरी इथं मी एव्हर-चेंजिंग वापरणार नाही. का? कारण हा बदल ठरलेल्या वाटेनं जातो आणि परत त्याच जागी येतो. बांधणाऱ्यांनी तो ओळखूनच दाराची दिशा धरली असणार. अशा बदलाला ‘सायक्लिकल’, ‘सीझनल’ हे शब्द आहेत. कुणी एव्हर-चेंजिंग लिहिलं तर व्याकरण चुकणार नाही. पण किरणोत्सवाचं जे खरं नवल आहे, त्याची नेमकी पुनरावृत्ती, तेच पुसलं जाईल.

तिसरी पंचगंगा. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं गाव फोनवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतं. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ आहे. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला एकेक इंचाचा अर्थ कळतो. पातळी चढत असेल तर ‘रायझिंग’ म्हण, उतरत असेल तर ‘रिसीडिंग’. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, मिटले, पाऊस थांबला, पुन्हा लागला, आणि पातळी दोन-चार इंचांनी वरखाली होत राहिली, तर ‘फ्लक्चुएटिंग’. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली ‘लाट’ आहे, आणि लाट वर जाते तशी खाली येते. पुराच्या बातमीत ‘एव्हर-चेंजिंग वॉटर लेव्हल’ लिहिणाऱ्याचा मला राग येतो. घरातलं सामान माडीवर चढवायचं का नाही हे ठरवणाऱ्या माणसाला ‘पाणी सतत बदलतंय’ सांगून काय उपयोग? त्याला चढतंय का उतरतंय ते सांग.

माझं म्हणणं एवढंच की दिशा माहीत असेल तर दिशेचा शब्द वापर. फेरा माहीत असेल तर फेऱ्याचा. दोन्ही नसेल, किंवा मुद्दाम सांगायचं नसेल, आणि बदलत राहणं हाच त्या गोष्टीचा स्वभाव असेल, तेव्हा एव्हर-चेंजिंग.

तू विचारलेला ‘चेंजिंग’ आणि हा, यांत फरक आहेच. ‘द चेंजिंग फेस ऑफ कोल्हापूर’ म्हणजे शहराचा चेहरा सध्या बदलतोय, उद्या थांबेलही. एव्हर-चेंजिंगला थांबणं मंजूर नाही. शिवाय नुसता चेंजिंग कधी कधी फसवतो. पोहण्याच्या तलावावरची ‘चेंजिंग रूम’ म्हणजे बदलणारी खोली नव्हे, कपडे बदलायची खोली. ‘एव्हर-चेंजिंग रूम’ म्हटलंस तर मात्र खोलीच रोज वेगळी दिसेल, आणि तुझे कपडे कुठं राहिले ते सापडणार नाही.

‘चेंजेबल’ म्हणजे बदलू शकणारा, कधी बदलेल नेम नाही असा. इंग्रजांच्या हवामानाच्या बातम्यांत हा नेहमी येतो. ‘व्हेरिएबल’ला मापाचा वास आहे, गणितातला ‘चल’ तोच. तुमच्या खात्यात दर साच्यात वाळूतला ओलावा कमीजास्त निघाला तर तो व्हेरिएबल, एव्हर-चेंजिंग म्हणून अहवालात लिहिलंस तर वरचा साहेब कविता कुणी केली म्हणून विचारेल.

‘व्होलटाइल’ हा माझा आवडता शब्द. लॅटिनमध्ये त्याचं मूळ ‘उडणे’. पेट्रोल उघडं ठेवलं की उडून जातं, म्हणून रसायनशास्त्रात ते व्होलटाइल. तिथून तो बाजारात आला. हुपरीच्या चांदी कारागिराला विचार. सकाळी घेतलेल्या चांदीचा दर संध्याकाळी कुठं असेल सांगता येत नाही, आणि फरक सोसायचा कुणी यावरून घरात भांडण. त्या दराला एव्हर-चेंजिंग म्हणणं फार सौम्य झालं. व्होलटाइलमध्ये भडका उडायची भीती आहे, एव्हर-चेंजिंगमध्ये नाही. गुळाच्या सौद्यात दर रोज थोडाथोडा हलतो, तेव्हा मी ‘फ्लक्चुएटिंग’ म्हणेन; एखाद्या हंगामात तो दाणकन कोसळला आणि शेतकऱ्यांनी सौदे बंद पाडले की व्होलटाइल.

‘डायनॅमिक’बद्दल जरा जास्त बोलायला लागेल, कारण या शब्दाचा आपल्याकडं पार चोथा झालाय. चौकाचौकातल्या डिजिटल फलकांवर ‘डायनॅमिक नेतृत्व’ असतं. शब्दाचं मूळ ग्रीक, अर्थ ‘शक्ती’. म्हणजे बदलापेक्षा त्यात जोर महत्त्वाचा. डायनॅमिक माणूस स्वतः बदलत नसतो. तो आजूबाजूचं हलवतो. म्हणून तो कौतुकाचा शब्द आहे. फलकावर ‘एव्हर-चेंजिंग नेतृत्व’ अजून कुणी लिहिलेलं बघितलं नाही. लिहिलं तर निदान पक्षांतराच्या बाबतीत खरं तरी ठरेल. यंत्रांच्या जगात मात्र डायनॅमिक बिनकौतुकाचा, साधा शब्द आहे: विमानाच्या तिकिटाचं ‘डायनॅमिक प्रायसिंग’ म्हणजे मागणीप्रमाणं आपोआप हलणारी किंमत, त्यात कुणाचं कर्तृत्व नाही.

माणसाच्या स्वभावासाठी इंग्रजीत वेगळे शब्द आहेत आणि बहुतेक कडू आहेत. ‘फिकल’ म्हणजे ज्याची माया, मत, पसंती टिकत नाही असा. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच ‘कपटी’ होता, ती कडवट चव अजून गेलेली नाही. ‘मर्क्युरिअल’ जरा बरा: हुशार पण लहरी, मूड कधी पालटेल सांगता येत नाही. मर्क्युरी म्हणजे रोमन देव, ग्रह आणि पारा. पारा हातात ठरत नाही हे आपल्यालाही माहीत आहे, पण आपला पारा बहुतेक वेळा ‘चढतो’, म्हणजे रागाकडं जातो. त्यामुळं मर्क्युरिअलचं भाषांतर ‘तापट’ करू नकोस. ‘लहरी’ बरोबर.

आता परत एव्हर-चेंजिंगकडं. हा शब्द स्वतः ना गोड ना कडू. त्याला चव येते ती पुढच्या नामाची. ‘एव्हर-चेंजिंग स्काय’मध्ये कौतुक आहे. ‘एव्हर-चेंजिंग रूल्स’मध्ये कुरकुर आहे; १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून इथल्या कर सल्लागारांच्या इंग्रजी पत्रांत हे दोन शब्द जोडीनं फिरतायत, आणि त्यांचा वापर चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. ‘एव्हर-चेंजिंग एक्सक्यूजेस’ म्हणजे सरळ आरोप: कारणं तेवढी रोज नवी. हॉटेलानं ‘एव्हर-चेंजिंग मेन्यू’ लिहिलं तर मुंबईत गिऱ्हाईक खूश होईल. कोल्हापुरात मिसळीच्या दुकानावर ती पाटी लावून बघ. वीस वर्षांपूर्वीचा कट जसाच्या तसा मिळावा म्हणून लोक पावसात रांगेत उभे राहतात. बदलतोय म्हटलं की ते समोरच्या दुकानात.

चप्पल लाईनीतल्या एका दुकानदारांनी मला एकदा असंच पत्रक करायला दिलं होतं. त्यांनी इंटरनेटवरून उचललेलं वाक्य होतं, ‘एव्हर-चेंजिंग डिझाइन्स’. मी विचारलं, तुमचा खपाचा माल कुठला? म्हणाले, कापशी चप्पल, वडलांच्या वेळेपासूनची. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तिच्या ठरलेल्या ओळखीला, रोज बदलणाऱ्या नमुन्यांना नव्हे. मग आम्ही ते काढून ‘टाइमलेस’ घातलं. पैसे तेवढेच मिळाले मला, पण रात्री झोप चांगली लागली.

व्याकरणाचं थोडक्यात. विशेषण म्हणून नामाच्या आधी येतं तेव्हा मध्ये जोडरेघ द्यायची. आधी ‘ॲन’ लागतं, ‘अ’ नाही, कारण उच्चार स्वरानं सुरू होतो. तू बरोबर लिहिलंयस, शाबास. ‘व्हेरी एव्हर-चेंजिंग’, ‘मोअर एव्हर-चेंजिंग’ असं होत नाही, सदाला आणखी जास्त सदा कसं करणार? वाक्याच्या शेवटी, ‘द वेदर इज एव्हर-चेंजिंग’ असं लिहिलेलं चालतं, पण जरा पुस्तकी वाटतं. बोलताना ‘इज ऑलवेज चेंजिंग’ किंवा ‘कीप्स चेंजिंग’ म्हण. फक्त माणसाबद्दल ‘ऑलवेज’ आणि चालू काळ एकत्र आले की त्यात वैताग येतो. ‘ही इज ऑलवेज चेंजिंग द ड्रॉइंग’ म्हणजे ‘हा सारखा ड्रॉइंग बदलत असतो, छळतोय नुसता’. हे गिऱ्हाइकाला पाठवायच्या मेलमध्ये लिहू नकोस.

मराठी शब्द कुठला, हा तुझा शेवटचा प्रश्न. एकच शब्द देता येत नाही, आणि त्याचं कारण मला भाषांतर करता करता बऱ्याच वर्षांनी उमगलं. इंग्रजी हा अर्थ विशेषणात ठेवते, मराठी क्रियापदात. ‘रंकाळ्याचा रंग बदलतच असतो.’ त्या ‘बदलतच’मधला ‘च’ आणि पुढचं ‘असतो’, या दोघांनी मिळून एव्हरचं काम केलं. ‘रंकाळ्याचे सतत बदलणारे रंग’ हेही शुद्ध मराठी आहे, पण ते वाचताना सूत्रसंचालकाचा आवाज कानात येतो. म्हणून इंग्रजीतून मराठीत येताना आधी बघ, विशेषण मोडून क्रियापद करता येतंय का. ‘एव्हर-चेंजिंग डिमांड्स’ म्हणजे ‘रोज उठून नवी मागणी’. ‘ॲन एव्हर-चेंजिंग टीम’ म्हणजे ‘माणसं येतात-जातात, टीम चालूच’. ‘क्षणोक्षणी’, ‘घडोघडी’, ‘सारखं’ हे शब्द हाताशी ठेव. बदलाचा वेग किती त्यावरून निवड. ढगांना क्षणोक्षणी शोभतं, सरकारी नियमांना नाही, त्यांना ‘दर दोन महिन्यांनी’ पुरे.

‘परिवर्तनशील’ हा शब्द पाठ्यपुस्तकात दिसेल. तो वाईट नाही, पण त्याचा कल ‘बदल होऊ शकतो असा’ याकडं, म्हणजे चेंजेबलकडं जास्त आहे. ‘नित्यनूतन’ सुंदर आहे, मात्र त्यात कौतुक ठासून भरलंय. जीएसटीच्या नियमांना नित्यनूतन म्हटलंस तर लोक टोमणा समजतील, आणि टोमणाच मारायचा असेल तर याहून चांगला शब्द नाही. ‘अस्थिर’ टाळ, त्यात डळमळणं आहे, पडायची भीती आहे. ‘चंचल’ मन आणि लक्ष्मी यांच्यासाठी राखून ठेवलेला बरा.

एक तक्रार राहिली, ती तुझ्याबद्दल नाही. हल्ली कुठलाही इंग्रजी निबंध, भाषण, कॉलेजचा प्रोजेक्ट उघडा, पहिली ओळ ‘इन टुडेज एव्हर-चेंजिंग वर्ल्ड’. जग बदलतंय हे खरंच, पण ते कुठं नाकारतंय कोण? तपासायची माझी सोपी रीत आहे. वाक्यातून शब्द बोटानं झाकायचा. अर्थाला काही झालं नाही तर तो शब्द कायमचा काढायचा. ‘इन टुडेज वर्ल्ड’ म्हटलं तरी भागतं; मग तेही झाकून बघ, बहुतेक वेळा त्याशिवायही भागतं, आणि निबंध तिसऱ्या ओळीपासून सुरू होतो. रंकाळ्याच्या वाक्यात मात्र बोट ठेवलंस तर नुसते ‘रंकाळ्याचे रंग’ उरतात, काहीतरी गेलं हे लगेच कळतं. विद्यार्थी म्हणतात, मॅडम, मार्क जातील. मी पेपर तपासलेत, एव्हर-चेंजिंग नाही म्हणून मी कुणाचा मार्क कापलेला नाही. उलट शंभराव्या पेपरात ती ओळ पुन्हा आली की हात आपोआप आखडतो.

तर तुझा अर्ज. तुला हवा होता तो शब्द ‘ॲडॅप्टेबल’, नव्या परिस्थितीशी जुळवून घेणारा. ‘व्हर्सटाइल’ही आहे, आपला अष्टपैलू; पण दोन वर्षांच्या अनुभवावर अष्टपैलू म्हणवून घेतलंस तर मुलाखतीत आठही पैलू मोजतील. माझा सल्ला विचारशील तर दोन्ही नको. तुझ्या प्रश्नातच अर्जासाठी सगळ्यात भारी वाक्य होतं आणि ते तुझ्या लक्षात आलं नाही: ‘इन टू इयर्स आय हॅव वर्क्ड इन मोल्डिंग, द कोअर शॉप अँड क्वालिटी.’ हे वाचून ॲडॅप्टेबल हा शब्द साहेब स्वतःच मनात म्हणेल.

आणि एव्हर-चेंजिंग घालायचाच असा हट्ट असेल तर तो स्वतःच्या अंगावरून काढून गिऱ्हाइकांच्या अंगावर घाल: ‘माय वर्क इन क्वालिटी इन्व्हॉल्व्ज मीटिंग द एव्हर-चेंजिंग रिक्वायरमेंट्स ऑफ अवर कस्टमर्स.’ आता बदलतात त्या मागण्या, आणि तू जागचा हलत नाहीस. फक्त ‘मीटिंग’च्या जागी ‘सफरिंग’ लिहू नकोस, खरं असलं तरी.